बैठकीला न येणारे पुरुष

एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी इस्पितळातून फुकट मिळू लागल्या, त्या काळची गोष्ट. आम्ही दोघंही त्या गोळ्या घेत होतो. भाईंदर पश्चिमेला एका संस्थेच्या खोलीत दर महिन्याला आमच्यासारख्यांची बैठक भरे. बायका चौदा-पंधरा, पुरुष दोन, कधी एकच. आमचे हे दोनदा आले आणि थांबले. म्हणाले, "तिथं नुसतं बसून बोलायचं. मला नाही जमत."

समुपदेशन करणाऱ्या ताई मला म्हणाल्या, "बैठक सोडणारे पुरुष पुढे गोळ्याही सोडतात. लक्ष ठेवा." मी घरी गोळ्या मोजू लागले. हिशेब बरोबर येई, पण हे गप्प गप्प असत.

बैठकीनंतर जेवण असे. एकदा तिथली मटकीची उसळ मी डब्यातून घरी आणली. यांनी घास घेतला. "ही उसळ आहे की मटकीची आंघोळ?"

आमच्या रत्नागिरीकडे गावजेवण पुरुष रांधतात, आणि यांचा अंदाज शंभर पानांना चुकत नसे. मी ताईंना सांगितलं. त्यांनी लगेच यांना फोन केला. "पुढच्या वेळी तुम्हीच करा. हाताखाली माणसं देते."

हे गेले. मागच्या स्वयंपाकघरात ताईंनी जमवलेले, बैठक सोडलेले चार पुरुष, पुढे आम्ही बायका, मधलं दार उघडं. भाईंदरजवळच्या डोंगरीचा एक मच्छीमार खोबरं किसत होता.

"काका, तुमाला हाय का सपनांचा तरास? मला तर पापलेट रोज होडीतून ढकलून देतंय."

यांचा उसळीतला डाव थांबला. "माझा वारलेला साहेब रोज हजेरी घेतो. वाटलं, डोकं फिरलं. उद्यापासून गोळी बंदच करणार होतो."

मी दारात गेले. "अहो, मला का नाही सांगितलंत?"

"बायकोला काय सांगायचं, साहेब स्वप्नात येतो?"

ताई मागून आल्या. "त्या गोळीनं पडतात स्वप्नं. बहुतेकांची हळूहळू कमी होतात. नाही झाली तर डॉक्टरांना सांगायचं, आपल्या मनानं गोळी सोडायची नाही."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" यांनी विचारलं.

"बैठकीत तीनदा सांगितलंय. या बायकांना पाठ आहे."

सगळ्या बायका हसल्या. मच्छीमारही हसला. यांनी उसळीत मीठ घातलं, चव घेतली आणि ताईंना विचारलं, "पुढच्या महिन्याला किती पानं धरू?"