टिपणीस मॅडम, फॅक्टरी इन्स्पेक्टर

टिपणीस मॅडम कारखान्यात शिरल्या की आधी हात हातात घ्यायच्या. मालकाचा नव्हे, कामगाराचा. ऑफिसात पंखा लावलेला असायचा, बिस्किटांची बशी झाकून ठेवलेली असायची, मस्टर आणि रजिस्टरं कोपऱ्याला कोपरा लावून मांडलेली असायची. त्या सगळ्याकडे पाठ करून बाई सरळ शेडमध्ये जायच्या आणि समोर येईल त्याला म्हणायच्या, "हात दाखव बघू." मग पंजा उलटा करायच्या, सुलटा करायच्या, नखांच्या कडा बघायच्या, बोटांच्या बेचक्या बघायच्या. अंबरनाथच्या एमआयडीसीत मागून सगळे त्यांना 'ज्योतिषीण' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, "ज्योतिषी पुढचं सांगतात, मी मागचं वाचते. रजिस्टर मालक लिहितो, हात काम लिहितं."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी नुकताच एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो होतो. घर बदलापूरला. कारखाना लहान, तीसेक माणसांचा. मालक जेठानंद शेठ. फाळणीनंतर कॅम्पातल्या बराकीत वाढलेला, बादल्यांमधून साबण विकता विकता कारखान्यापर्यंत आलेला माणूस. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असल्याचा फोन कुणीतरी केला की शेठ कपाटाची किल्ली माझ्याकडे फेकायचे. "केमिस्ट, सबको पहना दे!" मग कपाटातून हेल्मेटं, चष्मे आणि रबरी हातमोजे बाहेर यायचे.

त्या दिवशीही आले. दारात एक ठेंगणीशी, चाळिशीची बाई उभी. सुती नऊवारीसारखी घट्ट खोचलेली पाचवारी, आणि साडीखाली चक्क काळे कॅनव्हासचे बूट. शेठ म्हणाले, "मॅडम, पहिले चाय-वाय?"

"नंतर. माझा चहा माझ्या थर्मासात आहे," असं म्हणून त्या आत गेल्या. एका कामगाराचा हात धरला, त्याचा हातमोजा उतरवला आणि उलटा केला. नव्याकोऱ्या मोज्यात असते ती पांढरी पावडर भुरभुर खाली पडली.

"हे कधीपासून घालतोस रे?"

तो बिचारा माझ्याकडे, मग शेठकडे बघून म्हणाला, "आजपासूनच, बाई."

शेठनी कपाळाला हात लावला. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "केमिस्ट ना तुम्ही? मग ह्याचे तळवे पिवळे का झालेत ते ह्याला माहीत आहे का विचारा. तुम्हाला माहीत आहे, ते मला दिसतंय." मला कॉलेजच्या कुठल्याही परीक्षेत इतकी लाज वाटली नव्हती.

पुढे त्यांचं नि माझं जमलं म्हणणार नाही, पण ओळख वाढली. एकदा मी व्हॉल्व्हचे भाग प्लेटिंगला, म्हणजे क्रोमचा मुलामा चढवायला, द्यायला उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये गेलो होतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिथे दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे मॅडम उभ्या. प्लेटिंगच्या एका गाळ्यात मध्ये गोणपाटाचा पडदा टाकलेला होता. मालक सांगत होता की अलीकडचा धंदा माझा, पलीकडचा मेहुण्याचा. दोन्हीकडे नऊ-नऊ माणसं. दहा झाली की कायदा लागू होतो, हे त्याला तोंडपाठ होतं.

"नऊ अलीकडे, नऊ पलीकडे," मॅडम म्हणाल्या, "आणि ही वाफ? ती पडदा बघून थांबते का?"

मग पर्समधून त्यांनी लहानसा टॉर्च काढला आणि टाकीवर वाकून काम करणाऱ्या एका माणसाला तोंड वर करायला लावलं. नाकात उजेड टाकला. मला जवळ बोलावलं. "बघा." त्याच्या नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. क्रोमची वाफ. त्या माणसाला दुखत नव्हतं, म्हणून त्याला ते कळलंही नव्हतं. "शिट्टी वाजते कधी कधी श्वास घेताना," तो हसत म्हणाला. मॅडमनी टॉर्च बंद केला आणि गल्लीतच उभं राहून अर्धा तास रिपोर्ट लिहिला. मी मेहुण्याच्या पडद्याचा साक्षीदार म्हणून सही केली. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "दुखत नाही ना, तेच वाईट. जे दुखतं त्याची तक्रार तरी होते."

भोपाळ झालं, कायदा कडक झाला, आणि मॅडमनी कारखान्या-कारखान्यातून कामगारांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. वर्ग कसले, शेडमध्ये ड्रमांवर बसून गप्पा. आमच्याकडे त्या टाकीविषयी बोलल्या. आमच्या आवारात सांडपाण्याची एक जमिनीखालची टाकी होती. "आधी सडक्या अंड्याचा वास येतो," त्या म्हणाल्या, "मग वास येईनासा होतो. तुम्हाला वाटतं गॅस गेला. गॅस कुठं जात नाही, नाक जातं. आणि अजून एक लक्षात ठेवा. टाकीत पहिला माणूस चुकीनं मरतो, दुसरा मायेनं. भाऊ पडला म्हणून भाऊ उडी घेतो, आणि दोघं जातात. पडलेल्याला काढायला सिलेंडरच्या हवेचा मुखवटा लावल्याशिवाय उतरायचं नाही. कितीही जीव तुटला तरी."

त्यांच्याच आग्रहानं शेठनी परवान्याची पुस्तकं छापून घेतली. टाकीत माणूस उतरवण्याआधी केमिस्टनं आतली हवा तपासायची आणि परवान्यावर सही करायची. पहिले दोन-तीन महिने मी इमानानं तपासली. नंतर कंटाळलो. सकाळी आलो की पाच-सहा कोऱ्या परवान्यांवर सही करून पुस्तक फोरमनकडे ठेवून द्यायचो. हे मी आज लिहितोय, तेव्हाही हात थबकतो.

पावसाळा सरत आला होता. टाकीतला पंप तुंबला म्हणून फोरमननं ठेकेदाराच्या माणसांना उतरायला सांगितलं. ती माणसं बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरातल्या एका वाडीतली होती. भातलावणी उरकली की कारखान्यात मजुरीला यायची. बुधाजी शिडीनं खाली उतरला. फोरमननं माझ्या सहीचा कोरा परवाना भरला. मी लॅबमध्ये होतो. ओरडा ऐकून धावलो तेव्हा बुधाजी खाली पाण्यात पालथा पडलेला दिसत होता, आणि त्याचा धाकटा भाऊ पदू शिडीवर पाय टाकत होता.

मी पदूच्या कमरेला मिठी मारली. तो माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा. दोघं चिखलात पडलो. मी त्याच्या पाठीवर बसलो, आणखी दोघांनी त्याचे पाय धरले. तो ओरडत होता, "सोड मना! माजा भाव हाय त्यो! सोड!" मी सोडलं नाही. शेजारच्या मोठ्या कंपनीतून मुखवटा आणि सिलेंडर येईपर्यंत पंधरा मिनिटं लागली असतील. ती पंधरा मिनिटं पदू माझ्याखाली रडत होता आणि मला शिव्या देत होता. बुधाजीला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

शेठ त्याच्या उशाशी बसून हमसून रडले. ते रडणं खोटं नव्हतं. पण संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं आणि कागद पुढे केला. "केमिस्ट, लिख. सूचना देऊनसुद्धा स्वतःहून उतरला. देख बेटा, जो गया वो गया. कारखाना बंद झाला तर तीस घरं बसतील. तुझी पण सही आहे त्या परवान्यावर, समज." मी लिहिलं. घाबरून लिहिलं, आणि तीस घरांसाठी लिहितोय असं स्वतःला सांगत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाचा हात बघितला नाही. टाकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझा जबाब वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवला.

"हा मी आज घेत नाही. मला बुधाजीच्या बायकोचा जबाब घ्यायला वाडीवर जायचंय. वाट तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही, पण विचारत जाऊ."

"मग चला. आल्यावर पुन्हा लिहा. तेव्हा हेच लिहिलंत तर हेच घेईन."

बदलापूरहून एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे बांधाबांधानं आम्ही चालत गेलो. भात पोटरीला आलं होतं. मॅडमचे कॅनव्हासचे बूट चिखलानं जड झाले होते, पण त्या थांबल्या नाहीत. वाडीत कुडाच्या घरापुढे बुधाजीची बायको भिंतीला टेकून बसली होती. बोलली ती बुधाजीची आई. मॅडमनी विचारलं, "आजी, बुधाजी स्वतःहून टाकीत उतरला असेल का?"

म्हातारी म्हणाली, "आपसूक? न्हाय वो बाई. पोर हिरीतबी उतरायला भ्यायचा. त्येला लहानपणी बुडताना काढलावता. कोनीतरी सांगतल्याबिगर त्यो उतरायचा न्हाय."

पदू ओट्यावर बसला होता. माझ्याकडे बघून तो उठला आणि मॅडमना म्हणाला, "ह्याला कशाला आनला? ह्यानं माज्या भावाला मरू दिला."

मॅडम त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ह्यांनी तुला धरलं नसतं, तर आज मी ह्या घरात दोघांचे जबाब घेतले असते. तुझ्या भावाच्या मरणात ह्यांचा हात आहे की नाही, ते हे स्वतः लिहितील. पण तू जिवंत आहेस त्यात आहे, हे मी लिहीन." पदू आत निघून गेला.

परतीच्या एसटीत मी खिशातला जुना जबाब फाडला आणि मांडीवर कागद घेऊन नवा लिहिला. कोऱ्या परवान्यांचं, माझ्या सहीचं, त्या दिवशी हवा तपासली नव्हती याचं. शेठनी काय लिहायला सांगितलं तेही. मॅडमनी वाचला आणि पर्समध्ये ठेवला. शाबासकी नाही, की "बरं केलंत" नाही. फक्त म्हणाल्या, "खाली तारीख घाला."

खटला उल्हासनगरच्या कोर्टात बरीच वर्षं चालला. मी साक्ष दिली. शेठना शिक्षा झाली ती दंडाची; त्या माणसाच्या जिवापुढे ती काहीच नव्हती. पण बुधाजीच्या बायकोला भरपाई मिळाली, आणि मॅडम पाठीस लागल्यामुळे त्या पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांत टाकीपाशी मुखवटे आले. कोर्टाच्या व्हरांड्यात शेठ मला म्हणाले, "तूने मेरा नाम लिखा."

"माझंही लिहिलं, शेठ."

त्यांनी जमिनीकडे बघितलं. "हां," म्हणाले, "वो तो लिखा." आमच्या बोलण्याचा तो शेवट. नोकरी मी त्याआधीच सोडली होती. पुढे सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि एका मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर झालो. त्यासाठीचं शिफारसपत्र मॅडमनी दिलं. त्यात एकच वाक्य होतं : 'यांनी एकदा खोटं लिहिलं आहे आणि ते फाडलं आहे.' मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मला नोकरी दिली.

नव्वदीच्या मध्यावर मॅडम निवृत्त झाल्या आणि पुतणीकडे बदलापूरला राहायला आल्या. इन्स्पेक्टर म्हणूनच निवृत्त झाल्या. त्यांच्या मागून नोकरीत आलेले कधीच वरच्या हुद्द्यावर गेले होते. त्यांना दम्याचा त्रास होता. तीस वर्षं लोकांच्या कारखान्यातल्या वाफा घेतल्यावर दुसरं काय होणार, असं त्याच म्हणत. मी अधूनमधून जायचो. एकदा त्यांना फार धाप लागत होती, तरी उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. बुधाजी गेला त्याच्या तीन महिने आधी मी तुमच्याकडे तपासणीला आले होते. टाकीकडे जायच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता. कंटाळा आला. शेरा लिहिला, 'टाकी पाहिली, ठीक.' पाहिली नव्हती. पाहिली असती तर टाकीपाशी ना मुखवटा आहे ना दोर, हे दिसलं असतं."

मी खुर्ची त्यांच्या उशाशी ओढली.

"वरच्या ऑफिसला पाठवलेल्या रिपोर्टात मी ते लिहून दिलं. त्यानंतर बढतीचा कागद काही हलला नाही. हलू नये असंच होतं ते."

"म्हणजे तुम्ही मला वाडीवर नेलंत, तेव्हा..."

"तेव्हा लिहून झालं होतं. आदल्या रात्रीच, बातमी आली तेव्हा."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मला किती बळ आलं असतं!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडे बघून खरं बोलला असतात. ते बुधाजीकडे बघून बोलायचं होतं."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्याचं सांगायला मी वाडीवर गेलो. बुधाजीच्या घरी मी वर्षातून एकदा जात असे, पण पदू कधी बोलत नसे. मी अंगणात उभा राहायचो, म्हातारीशी दोन शब्द बोलायचो आणि निघायचो. त्या दिवशी म्हातारी नव्हती. पदू एकटा ओट्यावर विळा घासत होता. मी उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. चिखल, शेरा, बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून दिलेला रिपोर्ट.

त्याचा हात थांबला. "म्हंजे बाई इतकी वर्सं त्ये घिऊन हिंडली?"

"हो."

"आन् तू बी?"

"हो."

त्यानं विळा बाजूला ठेवला, ओट्यावरचा पेंढा हातानं सारला, आणि म्हणाला, "बस."