जानरावांचा तिसरा खड्डा

जानराव बोकडे स्टील प्लांटच्या पाणी तपासायच्या लॅबमधून रिटायर झाले, आणि दोन महिन्यांत त्यांनी स्मृति नगरातल्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक टाकीचं पाणी तपासून वहीत तिला मार्क दिले. आमच्या टाकीला पस्तीस पडले. पुढे जामुल रोडवरच्या फ्लॅटच्या साइटवर त्यांना काम मिळालं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, साधनाकाकूंनी, आनंदानं डबा भरून दिला.

साइटचा इंजिनीअर पीयूष दुर्गच्या मोहन नगरचा, घरचा मराठीच. त्याला खरं तर पाणी तपासणारा म्हणून कागदावर दाखवायला एक नाव हवं होतं.

"काका, तुमी फक्त खुर्चीवर बसा. तपासणीवाले आले की उभे राहा," तो म्हणाला.

जानराव बसले नाहीत. काँक्रीटच्या गाड्या आतून धुतल्या की पांढुरकं पाणी निघायचं, आणि ते सरळ नालीत जायचं. त्यांनी त्यात तपासणीची पट्टी बुडवली. ती गडद निळी झाली.

"पीयूष, हे पाणी मानसाचं कातडं सोलून काढीन. खाली लोक या नालीवर भाजी पिकवून राहिले, समजलं का तुले?"

त्यांनी तीन मोठाले खड्डे खणवले आणि त्यांना आतून प्लास्टिक लावलं. पहिल्यात गाळ खाली बसे. दुसऱ्यात नींबूसत, म्हणजे लिंबाच्या आंबटाची पूड, घालून पाण्याचा चुनखडीपणा मारायचा. तिसऱ्यात पाणी निवांत राही आणि पट्टी ठीक आली की जास्तीचं नालीत सोडलं जाई. नींबूसताच्या इतक्या गोण्या येत, की दुकानदारानं एकदा विचारलंच, साहेब बिल्डिंग बांधतात की सरबत विकतात.

वर्षभरात तिसऱ्या खड्ड्यातलं पाणी इतकं नितळ झालं की तळ दिसू लागला. बगळे येऊ लागले. दिवाळीनंतर शेजारच्या कॉलनीतल्या सीमाभाभी चार बायकांना घेऊन आल्या. "भैया, इस बार छठ यहीं कर लें?"

जानराव घाबरले. हे गाड्या धुतलेलं पाणी आहे, हे त्यांनी हिंदीत तीनदा सांगितलं. मग भाभी म्हणाल्या, "खराब है क्या?" जानरावांनी त्यांच्यासमोर पट्टी बुडवली. पाणी पास होतं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. छठ तिथंच झाली, बायकांनी त्याच पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य दिलं. पुढच्या वर्षी वॉर्ड ऑफिसनं काठावर दोन बाकं ठेवली आणि हिरवा बोर्ड लावला: सरोवर.

पीयूषनं बोर्ड पाहिला आणि तो मटकन बाकावरच बसला. नकाशात त्या जागी पार्किंग होतं.

खड्डा बुजवायची परवानगी मागायला तो जानरावांना घेऊन ऑफिसात गेला. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "तालाब पाटना मना है."

"सर, तालाब नहीं है, साइट का गंदा पानी है."

"गंदा पानी खुले में रखा है? फिर तो नोटिस बनेगी." त्यांनी सोमवारी नमुना घेऊन यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर पीयूषनं हात जोडले. "काका, दोन दिवस नींबूसत नका टाकू."

"म्हणजे पाणी नापास करू?"

"हो."

"चौतीस वर्षं पाणी पास करून राहिलो. नापास कसं कराचं, मले येत नाही. आन् नापास झालं तर नोटीस येईन तुले."

"पास झालं तरी पार्किंग गेलंच ना."

"मंग पासच होऊ दे."

सोमवारी पाणी पास झालं. पार्किंग बिल्डिंगच्या मागं गेलं, फ्लॅट 'सरोवरसमोर' म्हणून विकले गेले, आणि साइटचं काम संपल्यावर जानराव घरी परतले. काकूंनी टाक्यांची वही आधीच लपवून ठेवली होती.

उन्हाळ्यात पंचाईत झाली. बांधकाम संपलं म्हणजे गाड्या बंद, गाड्या बंद म्हणजे घाण पाणी बंद. तळं गुडघ्याइतकं उरलं. सोसायटीचे अध्यक्ष गुलाबराव पीयूषकडे गेले. "आमी तळं पाहून फ्लॅट घेतला. तळं कुठं गेलं?" वॉर्ड ऑफिसनंही पत्र पाठवलं: सरोवर नीट राखा. टँकर आणावे तर प्यायचं पाणी तळ्यात ओतायला बंदी.

पीयूष पुन्हा स्मृति नगरात आला. जानरावांनी ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

"कावून हो, आता तरी घरी बसा ना," काकू म्हणाल्या.

"कसा बसू? घाण पाणी कमी पडून राहिलं."

त्या दिवसापासून ते गावभरच्या साइटना फोन करतात. तुमच्या गाड्या आमच्याकडं धुवा, म्हणतात. आयुष्यभर ज्या पाण्याला हाकललं, तेच आता अजिजीनं बोलावतात, आणि आल्यावर पूर्वीसारखंच तीन खड्ड्यांतून काढून साफ करतात. मी मागच्या आठवड्यात गेलो, तेव्हा फाटकाबाहेर चार गाड्या उभ्या होत्या. जानराव पट्टी घेऊन प्रत्येकीत डोकावत होते. चौथीचा ड्रायव्हर नवा होता. साहेबांकडं जायचं म्हणून बिचारा गाडी आतून घासूनपुसून, लख्ख धुऊन आला होता.

"धुतलेली गाडी कावून आणली?" जानराव त्याच्यावर खेकसले आणि त्याला परत पाठवून दिलं.