पोचेपर्यंत केर काढायचा नाही

कचऱ्याच्या गाडीत टाकलेला केर हातापाया पडून परत आणणारा अख्ख्या जयपुरात मी एकटाच निवृत्त विमा अधिकारी असेन.

आमची एकुलती एक मैत्रेयी नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. संध्याकाळी राजा पार्कातल्या आमच्या दारातून तिची दिल्लीची टॅक्सी सुटली आणि घर खायला उठलं. त्यात आंधी आली. खिडक्या उघड्या, घरभर वाळू! मी झाडू उचलला तर बायको सुमन कडाडली, "अहो, ठेवा तो! माणूस पोचेपर्यंत केर काढायचा नसतो!"

"अंधश्रद्धा!" मी म्हणालो (आणि झाडू ठेवला).

सकाळी मी मोबाईलवर तिकीट उघडून बसलो. "सुमन, दिल्लीहून पहाटे चारला सुटलं, साडेसातला उतरलं. पोचली बघ! काढ आता केर."

"साडेतीन तासांत अमेरिका? अहो, इथून दिल्लीला पाच तास लागतात!"

"ती टॅक्सी. हे विमान! वर सिग्नल लागतात का कुठे?"

जन्मभर विमा विकलेल्या माणसाच्या आवाजात एक खात्री असते. सुमनने विश्वास ठेवला. सगळं घर झाडलं, मैत्रेयीची खोलीसुद्धा. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, तिच्यात मी बादली रिकामी केली.

मग फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. साताऱ्याहून मेहुणीने विचारलं, "पोचली का?" तिकीट पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात होतं: वेळा त्या त्या ठिकाणच्या, प्रवास सोळा तास.

"सुमन, ती अजून वरच आहे गं."

सुमनने माझ्या हातून मोबाईल ओढून घेतला. "मतलब, पोरगी हवेत असताना आपण केर काढला?" ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती रडायला लागली. मलाही रडू आलं. डोळ्यांत वाळू गेली म्हणावं, तर घरात वाळूही उरली नव्हती!

"परत आणा," ती म्हणाली.

"काय?"

"केर!"

मी बादली घेऊन बनियनवर धावत सुटलो. दोन गल्ल्या पलीकडे गाडी सापडली.

"भैया, हमारा कचरा वापस दे दो!"

"साब, कुछ क़ीमती गिर गया क्या?"

"हाँ. बेटी हवा में है."

त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि गाडीचं झाकण उघडलं. अंदाजानेच बादली भरली (केरावर नाव थोडंच असतं!) आणि घरी येऊन मैत्रेयीच्या खोलीत तो केर स्वतःच्या हाताने पसरला.

दिवसभर आम्ही दोघं न जेवता, वाळूत पाय न वाजवता बसून होतो. रात्री आठनंतर व्हिडिओ कॉल आला, तो मी तिच्या खोलीच्या दारातच घेतला.

"बाबा, पोचली मी! मतलब, आत्ताच लँड झालं. अय्या, माझ्या खोलीत कलिंगडाच्या साली कशाला?"

"तुझ्या सुरक्षिततेसाठी," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर सुमनने माझ्या हातात झाडू दिला. "घ्या. पोचली. काढा आता."

मी खोलीत गेलो. खोली आवर म्हणून ज्या पोरीवर रोज ओरडलो, तिचे दोन लांब केस त्या वाळूत पडले होते.

"उद्या काढू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. शेवटी वास सुटला तेव्हा फक्त साली उचलल्या, त्याही शेजाऱ्यांच्या होत्या म्हणून!