फंडाचं आयुष्य

त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते ऐकू येण्याची यंत्रं बनवत, एवढाच त्या नावाचा अर्थ. थोरली बहीण लहानपणीच्या तापात कानांनी अधू झाली, आणि राजधानीहून आणलेलं यंत्र तिच्या कानात दिवसभर शीळ घालायचं. त्या शिळेला वैतागून धाकट्याने इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, असं घरात सांगत. खरं म्हणजे त्याला दुसरीकडे प्रवेशच मिळाला नव्हता. पण यंत्र झकास केलं, हे मान्य करायला हवं.

कारखाना होता एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. एका खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिथे यंत्रं तपासायची, कारण खाली ट्रकांचा रस्ता. खिडकीपाशी ताईचं टेबल. ती पेशंटच्या कानात गुलाबी लगदा भरायची, तो घट्ट झाला की अलगद काढायची, आणि त्यावरून केलेला, यंत्रासोबत कानात बसणारा साचा कानशीने घासत बसायची. साचा सैल असला की यंत्र शीळ घालतं.

"पोरांचे कान वाढतात, मेले साचे वाढत नाहीत," ती म्हणायची. म्हणून लहान मुलांचे साचे पुन्हा पुन्हा नवे करावे लागत. मोठ्या कंपन्यांना ही कटकट नको असते. कानसेनांचा सगळा धंदाच या कटकटीवर उभा होता.

बँकेने त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. मग सरकारने मागासलेल्या जिल्ह्यांतल्या नव्या कंपन्यांसाठी एक फंड काढला. तो कर्ज देत नसे, कंपनीचे शेअर घेत असे. सोबत एखाद्या खाजगी गुंतवणूकदाराने तेवढेच पैसे घालायचे. एक औषधांचा व्यापारी तयार झाला. फंडाच्या मॅडम कारखाना बघायला आल्या, हौसेने स्वतःच्या कानात लगदा भरून घेतला आणि खूष झाल्या.

"म्हणजे सरकार आमचं भागीदार!" कानसेन म्हणाले.

"भागीदारच. फक्त फंडाचं आयुष्य दहा वर्षांचं आहे, तेवढं लक्षात ठेवा."

"अहो, दहाच का? शतायुषी होवो तुमचा फंड!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. चुकलं ते इथे. मॅडमना वाटलं, यांना कळलंय, म्हणून तर विनोद सुचतोय. यांना वाटलं, आयुष्य म्हणजे योजनेची मुदत. आणि सरकारी मुदत न वाढलेली कोणी पाहिली आहे? फंड आणि व्यापारी मिळून निम्म्याहून जास्त कंपनीचे मालक झाले, हेही त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. दुसऱ्यांचे कान दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही तऱ्हा!

मधे एकदा मॅडमनी फोन करून सुचवलं होतं, "आमचा हिस्सा तुम्हीच घ्यायचं बघा. आत्ता परवडेल." कानसेनांनी हाती आलेला नफा शेजारच्या तालुक्यांत कान तपासायची केंद्रं उघडण्यात घातला. "सरकार कुठे पळून चाललंय?" ते ताईला म्हणाले. केंद्रं छान चालली. तीच गळ्याशी आली.

परवा दुपारी मॅडम परत आल्या. केस पिकलेले, आवाज तोच मऊ. गाद्यांच्या खोलीत बसल्या.

"फंडाचं आयुष्य संपलं, कानसेन."

"मग वाढवा की."

"वाढवून झालं. तुम्हाला कळवलं होतं. आता हिस्सा विकून पैसा सरकारला परत द्यायचा. राजधानीतली मोठी कंपनी घेतेय. व्यापारीही विकतोय. आणि आम्ही दोघांनी विकलं की करारानुसार तुम्हालाही विकावं लागतं."

"कारखाना?"

"त्यांना तुमचं नाव आणि केंद्रं हवी आहेत. यंत्रं ते त्यांची आणतील."

"आणि पोरांचे साचे?"

मॅडम भिंतीवरच्या गादीकडे बघत राहिल्या. "लोकांचा पैसा आहे हो. तो तुमच्याकडून सुटला, तरच दुसऱ्या कुणाला देता येईल. तुमचं यशच आहे हे. आमच्या अहवालात तुमचं नाव सगळ्यात वर आहे."

"वा! मरायचं तुमच्या फंडाने आणि पुरायचं आम्हाला?"

मॅडम वाईट बाई नव्हत्या, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. कुणावर तरी खापर फोडता आलं असतं तर कानसेनांना रात्री झोप तरी लागली असती.

मॅडम गेल्यावर ते ताईच्या टेबलाशी आले. ती एका लहान मुलीचा साचा घासत होती. यंत्र असूनही ताई ओठ बघूनच पुरतं समजायची, म्हणून कानसेन खिडकीकडे तोंड करून बोलले.

"काचेशी काय पुटपुटतोस? तोंड इकडे कर."

ते वळले. "ताई, कारखाना विकला जातोय. बंद करतील."

"मग हिला पुढचा साचा कोण देणार?" ताईने हातातला साचा वर धरला. "आई खाली थांबलीये तिची. काय सांगू?"

कानसेनांनी ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. हात कानाशी आला की चांगलं यंत्रसुद्धा ओरडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शीळ वाजली, लांबलचक, लहानपणी घरभर वाजायची तशी.

ताईने यंत्र काढून ट्रेमध्ये ठेवलं.

"बोल आता काय ते," ती म्हणाली, आणि मान खाली घालून कानस चालवत राहिली.