शुक्रवारचा फोन

गेल्या महिन्यात हॉटेलच्या भटारखान्यात भात उपसत होतो, तेव्हा मालवणहून बहिणीचा फोन आला. "आपली डॉक्टरबाई गेली रे," एवढंच बोलली. मस्कतच्या भटारखान्यात रडायला जागा नसते. वाफेत तोंड घालून उभा राहिलो... मग शुक्रवार आला आणि फोन वाजला नाही.

बाई मूळच्या वालावलच्या, पुण्यात मेंदूच्या डॉक्टर. त्यांचं संशोधन ज्या आजारावर होतं त्याचं इंग्रजी नाव लांबलचक. मी आठवीतून शाळा सोडलेला. मला त्यांनी साधं करून सांगितलं होतं : कपाळामागचा नि कानशिलामागचा मेंदू झिजत जातो. त्यात माणूस आधी विसरत नाही, आधी बदलतो. असा माणूस असलेली घरं शोधत त्या कसाल-कणकवलीपासून आमच्या किनाऱ्यापर्यंत फिरायच्या.

आमचे बाबा पन्नाशीत बदलले. रापणीतला नावाजलेला माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोराला ज्याचा हात लागला त्याला माशांचा वाटा, हा तिथला कायदा. तेच बाबा दुसऱ्यांच्या टोपल्यांतले मासे उचलायला लागले. साखर मुठीने खायचे. आजीच्या मयताला हसले. कोण म्हणाला बाधा, कोण म्हणाला माज. रापणीतून त्यांना काढलं. आये पदरात तोंड लपवून बाजारात जायची.

बाई आल्या त्या बाबांपेक्षा आयेजवळच जास्त बसल्या. "पयलां काय बदललां गो, विसरणां की वागणां?"

"वागणां. माका ताप भरलो, नि हो माझ्यासमोर ताट घेवन जेवता."

"तो वायट नाय झालो. दुसऱ्याचां दुखणां कळूची जागाच झिजली तेची."

संध्याकाळी आयेने बाबांच्या डोक्याला तेल लावलं. कितीतरी दिवसांनी.

मग बाई किनाऱ्यावर गेल्या. रापणीचा तांडेल, म्हणजे तिथला म्होरक्या, म्हणाला, "आजार म्हणतास तर आजार. पण तो टोपलेत हात घालता, माणसां गप कशी रवतली?"

"सगळ्यांच्या आधी तेचो वाटो तेच्या हातात देवा."

"आधी वाटो? असां खंय होता?"

"जमतलां काय ता माकाय ठावक नाय. बघूया." आणि साडी खोचून बाईंनी दोर धरला. मागून कोणीतरी ओरडला, "हात लावलास बाई, आता वाटो घेवचोच लागतलो!" बाई पुण्याच्या गाडीत बांगडे घेऊन चढल्या.

तेव्हापासून बाबा दोराच्या टोकाला उभे राहायला लागले. वाटा आधी मिळाला की तो मांडीवर घेऊन बसायचे. रोजच जमायचं असं नाही. कधी हात जायचा, कोणी शिवी घालायचा, पण परत कोणी काढलं नाही. पुढे बोलणं गेलं, तरी दोर हातात दिला की ते बरोबर सगळ्यांच्या तालात ओढायचे.

मी पहिल्यांदा मस्कतला निघालो तेव्हा बाबांनी मानसुद्धा वर केली नाही. बिस्किटं खात राहिले. ते मनात घेऊनच विमानात बसलो. हा आजार काही घरांत पिढ्यांतून उतरतो. संशोधनासाठी मीही रक्त दिलं होतं, पण त्यातून काय निघालं ते ऐकायचा धीर नव्हता. बाईंना तसं सांगितलं. म्हणाल्या, "कळाक नको तर नको. पण शुक्रवारी फोन उचल."

शुक्रवार माझ्या सुट्टीचा. बाई दरवेळी तेच विचारायच्या. काय जेवलंस? कोणाबरोबर झगडलंस? कोणाची आठवण येता? मी खूप दिवस ती माया समजत होतो. एकदा डोक्यात उजेड पडला, तसं विचारलं, "बाई, ही तपासणी काय?"

"तपासणी आसाच," त्या हसल्या. "पण नुसत्या तपासणीक दर शुक्रवारी कोण फोन करता रे?"

अजून भाजीत मीठ जास्त पडलं, कोणावर उगाच खेकसलो, की वाटतं, आपलंही सुरू झालं. आधी ती भीती शुक्रवारपर्यंत सांभाळायची, एवढंच काम असायचं. आता ती कोणाकडे न्यायची?

शेवटी बहिणीला ते प्रश्न सांगितले. गेल्या शुक्रवारी तिने फोन केला. "काय जेवलंस? कोणाबरोबर झगडलंस? कोणाची आठवण येता? माझी येवची नाय, ठावक आसा माका."

म्हटलं, "बाईंची येते गो. खूप येते."

ती म्हणाली, "मगे तू बरो आसस."