मोरिवलीच्या चढावर हात लावायचा नाही

सोलापूरहून पहाटे निघालो तेव्हा गाडीत होतं ते असं: कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याचे कॅन, दोन छत्र्या, टोप्या, आणि बर्फावरून जायचं वाहन. महिना एप्रिल. यादी तपासून मी डिकी बंद केली तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, "कुठं हिमालयात का?"

"नाही, अंबरनाथला," मी म्हटलं. काकूंनी आकाशाकडे पाहिलं.

खुलासा करते. शैला ही माझी धाकटी नणंद, बँकेत कॅशियर. एका अपघातानंतर तिचे पाय चालत नाहीत. हात मात्र असे चालतात की तिच्या शिक्क्याचा आवाज बँकेबाहेर येतो. तिला क्रॉस-कंट्री स्कीइंग करायचं आहे, म्हणजे काठ्यांच्या जोरावर बर्फातून लांबचं अंतर कापायचं. पाय चालत नसतील त्यांच्यासाठी स्कीच्या पट्ट्यांवर खुर्ची बसवलेली असते, आणि बर्फ नसेल तिथे पट्ट्यांऐवजी चाकं लावतात, तरी म्हणायचं स्कीच. महाराष्ट्रात बर्फ नसल्यामुळे निवड चाचणी चाकांवर, अंबरनाथच्या कारखान्यांच्या रस्त्यावर ठेवली होती. बसून खेळणाऱ्या स्त्रिया तीन आल्या होत्या आणि खऱ्या बर्फावरच्या शिबिराला दोघीच जाणार होत्या. शैलाने आजवर पाहिलेला सगळा बर्फ रसवंतीगृहातला होता.

खोपोली, कर्जत करत दुपारी वांगणीच्या पुढे आलो. डाव्या हाताला चंदेरीचा डोंगर एकदम उभा राहिला, काळा आणि तापलेला. रस्त्याकडेला आदिवासी ठाकूर बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. आम्ही दोन द्रोण घेतले. त्यांतल्या एकीने मागच्या काचेतून वाहन निरखून विचारलं, "मोटार नाय याला?" शैलाने आपले दंड दाखवले. बाईने ते बोटांनी दाबून पाहिले, मान हलवली आणि मूठभर करवंदं वर टाकली.

मुक्काम बदलापूरला, बेलवलीत, माझ्या मैत्रिणीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये होता. सामान उतरवताना शैलाला खुर्चीशी बांधून ठेवणारा कमरेचा पट्टा टर्रकन फाटला. सुटे भाग मी सगळे आणले होते, फक्त पट्टा सोडून. शैला फाटकी टोकं जुळवून बघत बसली, आणि ते जास्त लागलं.

पट्टा मिळाला उल्हासनगरात. तिथे जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येक जण आपण सोडून बाकीचे नकली आहेत असं सांगतो. एका सिंधी कारखानदाराने फाटका पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

"अदी (सिंधीत ताई), बसा. दो मिनट. असा पट्टा देतो, माणूस तुटेल, पट्टा नाही तुटणार."

"माणूस न तुटेल असा द्या," शैला म्हणाली.

दोन मिनिटांच्या तासाभरात त्याने आम्हाला दाल-पकवान (कुरकुरीत मैद्याची पुरी आणि घट्ट डाळ) खाऊ घातलं. पट्टा खरंच दणकट झाला. त्यावर मागून, न विचारता, एका परदेशी जीन्सचं लेबलही शिवून दिलं. "फॉरेन कॉम्पिटिशन है ना," तो म्हणाला. अंबरनाथ तेवढं परदेशी नाही, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. औद्योगिक वसाहतीचा रस्ता दोऱ्या लावून बंद केला होता आणि स्पर्धकांना अंतर ठेवून एकेक सोडत होते. नागपूरची मुलगी आधी सुटली आणि दिसेनाशी झाली. ती पहिली येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या जागेचा प्रश्न होता शैला आणि कोल्हापूरची सुषमा यांच्यात. मुख्य पंच निवृत्त फौजी होते. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी बर्फात काढली होती आणि आता ते आंब्याच्या रसाची बाटली घेऊन मंडपात बसले होते.

मी मोरिवली गावाजवळच्या चढाच्या पायथ्याशी पाणी घेऊन उभी होते. शैला आली ती चांगल्या वेगात. चढाला मात्र तिचा जीव निघू लागला. काठ्या रोवायची, इंचभर वर, श्वास, पुन्हा इंचभर. रस्ता दोन्ही टोकांनी बंद असला तरी गावाची गल्ली मध्येच त्याला मिळते, हे आयोजकांच्या नकाशात नव्हतं. त्या गल्लीतून एक रिक्षा बाहेर आली.

आमच्याकडे सोलापुरात गाडी बंद पडली की लोक सल्ला देतात. इथे रिक्षावाले न बोलता मागून येतात, एक पाय बाहेर काढून बंद गाडीला टेकवतात आणि ढकलत गॅरेजपर्यंत पोचवतात. त्या रिक्षावाल्याने तेच केलं. शैलाच्या खुर्चीच्या पाठीला चपलेचा पाय लागला आणि ती सुसाट वर निघाली.

"नको! नको! थांबा!" शैला ओरडली.

"चढावर कोन थांबतो? घाबरू नको बाय, माजा पाय पक्का हाय!"

मी पाण्याच्या बाटल्या टाकून मागे धावले. रिक्षा आणि स्की दोन्ही माथ्यापलीकडे गेल्या. शैलाची वेळ त्या दिवशीची सर्वोत्तम ठरली, अगदी पुरुषांसकट. चढावरच्या पंचाने शिट्टी वाजवून हात आडवा केला होताच. बाहेरची मदत घेतली, म्हणून बाद.

मंडपात शैला रस्त्याकडे बघत बसली. रिक्षावाला मागोमाग आला. दशरथ त्याचं नाव, मोरिवलीचाच.

"साहेब, तिनं नको नको केला, मीच ढकलली. मदत केली म्हनून बाद? मंग मला बाद करा ना, तिला कनाला (कशाला)?"

"तुम्ही स्पर्धेत नाही," पंच म्हणाले.

"नसू दे. तरी करा."

पंचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मदत मागितली नव्हती, रस्ता मोकळा ठेवणं आयोजकांचं काम होतं, तेव्हा शैलाने एकटीने पुन्हा चाचणी द्यावी असं त्यांना वाटत होतं. मात्र इतर दोघींची हरकत नको. नागपूरच्या मुलीने खांदे उडवले. मग सगळ्यांनी सुषमाकडे पाहिलं. शैला बाद राहिली तर दुसरी जागा तिचीच होती.

"पळू दे की तिला," सुषमा म्हणाली. "पण आत्ताच. ऊन उतरायची वाट मी बघणार न्हाई."

उन्हाने डांबर मऊ झालं होतं. शैलाने पट्टा आवळला.

माणसं कमी पडत असल्यामुळे पंचांनी माझ्या हातात लाल झेंडा दिला, कोणी हात लावला तर वर करायचा म्हणून, आणि चढाच्या मध्यावर उभं केलं. दशरथने रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आडवी लावली आणि गावभर ओरडत फिरला, "हात लावायचा नाय! पाय पन नाय!" तोवर सगळं गाव रस्त्याकडेला जमलं होतं.

"परली (पडली) तं?" त्याच्या म्हाताऱ्या आईने विचारलं.

"परली तरी नाय."

"मंग आमी कनाला उभे इथं?"

"बगायला."

"डोल्यांसमोर बाय मरते न् आमी नुसता बगू? कुनी शिकवला रं तुला ह्यो?"

शैला आली. पायथा, चढ, इंच, इंच. माझ्यापासून पाच पावलांवर तिची डावी काठी मऊ डांबरात रुतली आणि स्की कुशीवर पडली. पट्टा तुटला नाही, त्यामुळे ती खुर्चीसकट पडली.

गावाने एकदम श्वास घेतला. दशरथचा पाय पुढे आला होता. त्याच्या आईने त्याचा शर्ट मागून धरला होता आणि स्वतः दुसऱ्या हाताने तोंड झाकलं होतं. मी झेंडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. शैलाने कोपर डांबरावर टेकलं. सोलवटलं. पुन्हा टेकलं. काठी ओढून काढली, तिच्यावर सगळा भार टाकला, आणि स्की हळूहळू सरळ झाली. मग ती वर गेली. कोणी टाळी वाजवली नाही, कारण टाळी मदतीत धरतात की काय हे गावाला माहीत नव्हतं.

ती सुषमाच्या मागे राहिली. फार नाही, पण मागे. सुषमाने येऊन तिचा हात हातात घेतला, म्हणाली, "पडली नसतीस तर माझं काय खरं नव्हतं," आणि शिबिराच्या कागदावर सही करायला गेली.

दुपारी दशरथने घरी नेलंच. तांदळाची भाकरी, जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी, कैरी. जेवताना तो मान वर करेना. त्याची आई शैलाच्या कोपराला हळद लावत त्यालाच शिव्या देत होती.

"दादा," शैला शेवटी म्हणाली, "तुम्ही ढकललंत म्हणून मी बाद झाले. मग ढकललं नाहीत म्हणून तिसरी आले. तुमचं कुठेच चुकलं नाही. भाकरी वाढा."

दशरथ पहिल्यांदा हसला. "पुढल्या टायमाला रिक्षाच विकतो."

"नको. गल्लीतच ठेवा."

परतीच्या वाटेवर घाट लागल्यावर शैला म्हणाली,

"वहिनी, मी पडले तेव्हा तू किती लांब होतीस?"

"पाच पावलं."

"मला तुझ्या चपला दिसत होत्या. हलल्या नाहीत."

"नियम होता," मी म्हटलं.

"बरं केलंस." मग खिडकीकडे बघत, "रडू आलं होतं मला. तू आली असतीस तर मी धरलं असतं तुला."

सोलापुरात रात्री पोचलो. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, कितवी आली? शैला म्हणाली, तिसरी. काकूंना आनंद झाला, त्या साखर आणायला आत गेल्या. "तिघीच होतो!" शैला मागून ओरडली, पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

गाडीतून चाकांच्या खुर्चीत उतरायला ती हल्ली मला बोलावत नाही. वेळ लागतो. मी किल्ली घेऊन बाजूला उभी राहते. बाजूला उभं राहणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. हात कुठे ठेवायचे ते अजून कळलेलं नाही.