दोरीपलीकडे जाण्याची माझी लायकी

वस्तू विकत घ्यायची, टॅग न तोडता वापरायची आणि मुदतीच्या आत हसतमुखाने परत करायची, ही विद्या अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावात बऱ्याच जणांना येते. मी त्यात जरा पुढारलेला. आईबाबा आले तेव्हाची हवेची गादी, एका ट्रिपपुरता तंबू, सगळं वापरून पुन्हा दुकानाच्या काउंटरवर. त्यामुळे ॲव्हलान्चचं, म्हणजे बर्फाचा कडा कोसळला तर लागणारं, सामान घेतानाही माझं डोकं त्याच वाटेने गेलं, तर त्यात नवल काय?

स्कीइंगचं वेड बायकोचं. युटामधल्या ज्या रिसॉर्टला आम्ही जातो, तिथल्या आखलेल्या उतारांवरून घसरून तिचं मन भरेना. तिला रिसॉर्टच्या हद्दीला लावलेल्या दोरीपलीकडचा डोंगर हवा होता. तिथे रिसॉर्टची माणसं स्फोट करून सैल बर्फ आधीच पाडून ठेवत नाहीत, त्यामुळे अख्खा उतार अंगावर येऊ शकतो. म्हणून नियम असा की त्या दोरीतल्या गेटमधून एकट्याने जायचं नाही, आणि प्रत्येकाकडे तीन गोष्टी हव्यात: छातीवर सिग्नल पाठवणारं बीकन, बर्फात खुपसून बघायची घडीची लांब काठी आणि फावडं. कोणी गाडलं गेलं तर बाहेरची मदत पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. काढायचं ते जोडीदारानेच.

बायकोने त्यासाठी रीतसर कोर्स केला. "जोडीदार तू होणार असशील तर निदान ऑनलाइन भाग तरी कर," म्हणाली. केला की! ऑफिसचं सक्तीचं कम्प्लायन्स ट्रेनिंग करतो तसा. आवाज बंद, नेक्स्ट, नेक्स्ट, सर्टिफिकेट.

गेटपाशी एक खांब आहे. अंगावरचं बीकन चालू असेल तर त्यावर हिरवा दिवा लागतो, नसेल तर लाल फुली. बायको पुढे गेली, हिरवा. मी गेलो, लाल.

"अरे, चालू केलं नाहीस?"

"बॅटरी वाचवतोय. गरज पडली की करतो."

"गाडला गेल्यावर?"

गेटवर रिसॉर्टच्या गस्तीवरची एक मुलगी उभी होती. तिने फावडं दाखवायला सांगितलं. मी बॅगेतून काढलं. पातं प्लास्टिकमध्ये, दांडा वेगळ्या प्लास्टिकमध्ये, आणि दोन्हींना टॅग. जोडलं असतं तर ओरखडे पडले असते ना!

"म्हणजे मी बर्फाखाली," बायको म्हणाली, "आणि तू वर बसून पॅकिंग सोडवणार?"

"कात्री आणलीय," मी म्हटलं.

त्या मुलीला मराठीचा एक शब्द येत नसणार, पण तिने कपाळाला हात लावला. खाली सरावाचं मैदान आहे, आधी तिथे जा, असं तिने गोड आवाजात सांगितलं.

मैदानात बायकोच्या कोर्समधल्या दोघी सराव करत होत्या. बायकोने मला पाठ करून उभं केलं, आपलं बीकन एका पिशवीत घालून बर्फात पुरलं आणि म्हणाली, "ही मी. शोध."

मी बीकन चालू केलं आणि हातात धरून ऐटीत निघालो. डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो. यंत्र ढिम्म. इतक्यात त्या दोघी आपापल्या यंत्रांकडे बघत, दोन बाजूंनी सरळ माझ्यापाशी येऊन थांबल्या. एकीने काठीने माझ्या बुटाला टोचलं. "सापडला!" शोधणाऱ्याने आपलं यंत्र सिग्नल पाठवण्यावरून शोधण्यावर आणायचं असतं. मी अजून पाठवतच होतो. हा मुद्दा माझ्या कुठल्यातरी नेक्स्टखाली गेला असावा.

मग बटण फिरवलं. यंत्रावर दिशेचे बाण दिसले. फावड्याचं प्लास्टिक दातांनी फाडलं, कारण कात्री बॅगेच्या तळाशी होती. घाम गाळत खणलं आणि पिशवी वर काढून ट्रॉफीसारखी उंच धरली.

बायको हसत नव्हती. ती त्या पिशवीकडेच बघत होती. "पिशवी होती म्हणून बरं," एवढंच म्हणाली.

मग ती त्या दोघींशी जाऊन बोलली. नकाशा उघडला गेला, त्या दिवशीचा धोक्याचा अंदाज पुन्हा वाचला गेला.

"आता येतं मला. मी पण येतो ना!"

"आज नाही. तू इथे थांबायचं. वाट बघ, शोधायला येऊ नकोस."

मी परत गेटपर्यंत तरी गेलो. त्या तिघी पलीकडे गेल्या, तीनदा हिरवा दिवा लागला.

रिसॉर्टच्या कॅफेच्या गच्चीवरून पलीकडचा उतार दिसतो. तिथे मी रेलिंगला चिकटून उभा राहिलो. एका वेळी एकीनेच उतरायचं, बाकीच्यांनी नजर ठेवायची, असा नियम आहे. वर तीन ठिपके होते. एक खाली आला. थोड्या वेळाने दुसरा. बायको कोणता, हे इतक्या लांबून कळेना. तिसरा ठिपका हलेचना.

शेजारच्या माणसाने फोन पुढे केला आणि माझा एक फोटो काढाल का, असं इंग्रजीत विचारलं.

"थांबा हो, आधी तिला खाली पोचू दे," मी मराठीत म्हटलं, डोंगरावरची नजर न हलवता.

त्याने फोन खिशात टाकला आणि तोही माझ्याबरोबर तिकडेच बघत उभा राहिला.